अंगणातली आगगाडी : एका आराखड्याचे परीक्षण

एका शाळेच्या माजी विद्यार्थ्याने परदेशातून सुटीवर येताना आपल्या शाळेसाठी आगगाडीचा एक मोठा संच आणला. एक इंजिन, तीन डबे, पितळी रुळांचे बारा वक्र तुकडे आणि वीजपुरवठ्याची पेटी. दोन रुळांमधले अंतर ४५ मि.मी. टेबलावर मावणाऱ्या गाड्यांपेक्षा ही गाडी बरीच मोठी. बागेत, मातीवर, उघड्यावर चालवण्यासाठीच ती केलेली असते. बारा तुकडे जोडले की ६० सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ तयार होते. मुलांनी ते शाळेच्या मागच्या अंगणात जोडले, गाडी सोडली आणि पहिली दहा मिनिटे कोणी जागचे हलले नाही. अकराव्या मिनिटाला निम्मी मुले निघून गेली होती.

विज्ञानाच्या बाईंना ही गोष्ट खटकली. अंगणातली पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी एक पट्टी त्यांनी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. कायमचा लोहमार्ग घालावा म्हणून एका परदेशी पुस्तिकेतला 'लहान जागेसाठी' असे नाव असलेला आराखडा मोठा करून काढला आणि तो आमच्याकडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते : "खर्च करण्याआधी यातल्या चुका सांगा." हा लेख म्हणजे त्या चिठ्ठीचे लांबलेले उत्तर आहे. असे संच आता बऱ्याच शाळांत येऊ लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर येणारे आराखडे साधारण एकाच घराण्यातले असतात. म्हणून हे उत्तर बाईंपुरते ठेवले नाही.

प्रथम आराखडा काय आहे ते सांगू. बाहेर एक लंबगोल मार्ग, त्याची टोके १२० सें.मी. त्रिज्येची. त्याच्या आत दुसरा लंबगोल, टोके ६० सें.मी. त्रिज्येची. दोन्ही मार्ग सांध्यांनी जोडलेले. एका कोपऱ्यात बोगदा, दुसऱ्यात तळे, मध्ये खेडेगाव. आतल्या मार्गाच्या वळणावर स्टेशन आणि वळणाला धरून वाकलेला फलाट. कागदावर हे चित्र फार मोहक दिसते. इंचभर जागा रिकामी नाही, आणि आमच्या मते हाच त्याचा पहिला दोष आहे. पण दोषांकडे वळण्याआधी एक मापदंड ठरवला पाहिजे, नाही तर परीक्षण म्हणजे नुसती आवडनिवड होऊन बसेल.

लोहमार्गाला जागा किती लागते हे मुख्यतः वळण ठरवते. सरळ मार्ग भिंतीच्या कडेने वीतभर जागेत जातो. गाडीला परत फिरवायचे म्हटले की त्रिज्येच्या दुप्पट रुंदी हवी. म्हणून प्रश्न असा : किती लहान त्रिज्या चालेल? येथे आम्ही एक साधे गुणोत्तर वापरतो. वळणाची त्रिज्या भागिले रुळांमधले अंतर, म्हणजे गेज. हे दोन लांबींचे गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नाही; खऱ्या गाडीसाठी आणि तिच्या प्रतिकृतीसाठी ते सारखेच राहिले पाहिजे. प्रतिकृती किती प्रामाणिक आहे याची ही पहिली कसोटी.

भारतीय रेल्वेच्या नियमांत वळण अंशांत मोजतात. शंभर फूट, म्हणजे सुमारे ३०.५ मीटर लांबीचा कंस वर्तुळकेंद्राशी जितक्या अंशांचा कोन करतो तितक्या अंशांचे ते वळण. यावरून त्रिज्या काढायला १७५० ला अंशांनी भागायचे, उत्तर मीटरमध्ये येते. (हे सूत्र नववी-दहावीच्या मुलांकडून काढून घ्यावे, कंसाची लांबी आणि केंद्रीय कोन यांचे इतके चांगले उदाहरण पुस्तकात क्वचितच सापडते.) ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. गेज १.६७६ मीटर. गुणोत्तर सुमारे १०४. मीटरगेजवर १६ अंश, म्हणजे १०९ मीटर, गुणोत्तर १०९. बार्शी लाइट रेल्वेचे होते ते ७६२ मि.मी.चे नॅरोगेज घेतले तर ४० अंश, ४४ मीटर, गुणोत्तर ५८. दार्जिलिंगच्या ६१० मि.मी. गेजच्या डोंगरी गाडीचे सर्वांत तीव्र वळण सुमारे १८ मीटर त्रिज्येचे आहे. तेथे हे गुणोत्तर ३० वर येते.

आता आपल्या संचाचे पाहू. ६०० भागिले ४५, म्हणजे १३.

हा आकडा प्रथम काढला तेव्हा आम्हीही थबकलो. संचातले इंजिन आणि डबे साधारण १:२२.५ या प्रमाणात, मीटरगेजच्या गाडीवरून बेतलेले असतात; ४५ ला २२.५ ने गुणले की सुमारे एक मीटर येतो तो याच कारणाने. न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ मध्ये बागेतल्या गाड्यांसाठी हे प्रमाण रूढ केले. म्हणजे ६० सें.मी.चे वर्तुळ खऱ्या जगात साडेतेरा मीटर त्रिज्येचे होईल. एखाद्या चौकातल्या वाहतूक बेटाभोवती मीटरगेजची गाडी फिरवण्यासारखे हे आहे. उलट मीटरगेजचे खरेखुरे किमान वळण या प्रमाणात आणायचे तर त्रिज्या ४ मीटर ८४ सें.मी. हवी. शाळेच्या पट्टीत त्याचा चतकोरही मावणार नाही.

मग खेळण्यातली गाडी त्या वर्तुळावर चालते कशी? येथे शिक्षकांना सर्वांत उपयोगी पडेल असा भाग सुरू होतो, म्हणून जरा रेंगाळू.

गाडी सेकंदाला अर्धा मीटर या गतीने चालली आहे असे धरू. हे प्रतिकृतीच्या प्रमाणात वाढवले तर सेकंदाला ११.२५ मीटर, ताशी सुमारे ४० कि.मी. होतात. वळणावर गाडीला लागणारे अभिकेंद्री त्वरण म्हणजे गतीचा वर्ग भागिले त्रिज्या. खेळण्यासाठी ते येते ०.४२ मीटर प्रति सेकंद वर्ग. साडेतेरा मीटरच्या वळणावर ताशी ४० कि.मी.ने जाणाऱ्या खऱ्या गाडीसाठी ते येते ९.४. आता गाडी कधी उलटेल? गुरुत्वमध्याची उंची गेजच्या सव्वा ते दीडपट असते असे मानले, समजा ४५ मि.मी. गेजला ६० मि.मी., तर सपाट मार्गावर त्वरण सुमारे ३.७ च्या पुढे गेले की आतल्या बाजूची चाके उचलली जातात. ही मर्यादाही लांबींच्या गुणोत्तरावर आणि गुरुत्व त्वरणावर अवलंबून असते, त्यामुळे खऱ्या गाडीला आणि खेळण्याला ती एकच. खरी गाडी मर्यादेच्या अडीचपट पुढे गेली, म्हणजे आडवी झाली. खेळणे मर्यादेच्या नवव्या हिश्श्यावर निवांत फिरते आहे.

प्रतिकृती करताना आपण लांबी लहान करतो. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. लांबी २२.५ पट कमी आणि गतीही २२.५ पट कमी केली की डोळ्यांना सगळे बरोबर दिसते, पण बलांचा मेळ बिघडतो. बलांचा मेळ राखायचा असेल तर गती २२.५ च्या वर्गमूळानेच, म्हणजे सुमारे पावणेपाचपटच कमी केली पाहिजे. त्या हिशेबाने ताशी ४० कि.मी.ची बरोबरी करण्यासाठी आपले खेळणे सेकंदाला २.४ मीटर पळवावे लागेल. आणि मग तेही उलटेल. चित्रपटांत प्रतिकृतींचे अपघात जास्त वेगाने चित्रित करून संथपणे दाखवतात, त्यामागे हेच वर्गमूळ आहे.

तर आराखड्यातल्या आतल्या वर्तुळावर आमचा आक्षेप 'गाडी पडेल' असा नाही. ती पडणार नाही. आक्षेप असा की मूल त्या वर्तुळाकडे पाहून जे शिकते ते चुकीचे असते. आगगाडी हवी तशी वळते, जागा आणि वळण यांचा काही झगडा नसतो, असे त्याच्या मनात बसते. रेल्वेच्या अभियंत्यांचे निम्मे आयुष्य ज्या झगड्यात गेले तोच येथे गाळलेला आहे.

गुणोत्तर लहान झाल्याची खूण डोळ्यांनाही दिसतेच. लांब डब्याच्या दोन बोगींमधले अंतर ३५ सें.मी. असेल तर वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला सरकतो. किती? अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. ६० सें.मी. त्रिज्येवर हे अडीच सें.मी. भरते. डब्याची टोके बाहेरच्या बाजूला झुकतात ती वेगळीच. आराखड्यात वळणाच्या आतल्या अंगाला फलाट काढला आहे. फलाट रुळाजवळ ठेवला तर डब्याचे पोट त्याला घासेल. दूर ठेवला तर डब्याच्या टोकांच्या दारांपासून फलाटापर्यंत उतारू उडी मारून जातील. पुस्तिकेच्या रेखाटनकाराने येथे रुळाची रेघ काढली, डबा काढलाच नाही. अशा आराखड्यांची परीक्षा घेण्याची सोपी युक्ती : पुठ्ठ्याचा आयत कापून, त्याला बोगींच्या जागी दोन टाचण्या टोचून, त्या टाचण्या रेघेवरून फिरवाव्यात. तिसरीतले मूलही दोष दाखवील.

दोन उलट वळणे लागोपाठ आल्याचा दोषही त्याच युक्तीने सापडतो. बाहेरच्या मार्गावरून आतल्या मार्गावर येताना सांध्यापाशी डावे वळण संपताच उजवे लागते. एका डब्याचे टोक उजवीकडे झुकलेले, मागच्याचे डावीकडे. जोडणीवर ओढ दुप्पट. दोन वळणांमध्ये निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा हवा. एवढी जागा या आराखड्यात नाही, कारण ती तळ्याला दिली आहे.

न्यायाने वागायचे तर दोन गोष्टींची तारीफ केली पाहिजे. बोगद्याचे छत उचलता येईल असे दाखवले आहे. आत डबा अडकला की याचे मोल कळते. आणि मागच्या बाजूला झुडपांची एक रांग अशी योजली आहे की बाकावर बसलेल्याला पूर्ण लंबगोल एकदम दिसू नये. लहान जागेत ही सूचना लाखमोलाची आहे. बाहेरचा लंबगोल जवळजवळ बारा मीटरचा. गाडी चोवीस सेकंदांत फेरी पुरी करते. ती सहा-सात सेकंद दिसेनाशी झाली तरच मन म्हणते की ती कुठे तरी गेली. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये खुल्या झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात गाडी दिसेनाशी होऊन दुसरीकडून प्रकटते तेव्हा मुलांच्या माना कशा वळतात ते पाहण्यासारखे असते. तेथे मात्र सर्व काही घरात आहे, पाऊस आणि ऊन यांचा हिशेब नाही.

आता आमच्याच एका चुकीकडे येतो. आराखडा पाहून आम्ही पहिल्या भेटीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की दोन लंबगोल काढून टाका आणि आठचा आकडा करा, मध्ये पूल. मार्ग स्वतःलाच वरून ओलांडेल, शोभाही येईल. एक मीटर त्रिज्येची दोन वर्तुळे, केंद्रांमध्ये २.६ मीटर अंतर. पट्टीत सहज बसते. बाईंच्या मुलांनी रविवारभर विटा रचल्या. सोमवारी निरोप आला : स्टेशनात सोडलेला डबा आपणहून चालू लागतो.

आम्ही आकडेमोड नंतर केली, आधी करायला हवी होती. मार्गाची एकूण लांबी येते १३ मीटर. पुलाखालून निघून पुलावर पोचायला यातला अर्धा, साडेसहा मीटर मिळतो. गाडीची उंची, वरची मोकळीक आणि पुलाची जाडी मिळून २३ सें.मी. चढायचे. म्हणजे साडेसहा मीटर सलग २८ ला १ असा चढ, आणि उरलेले साडेसहा मीटर तितकाच उतार. सपाट जागा कोठेच नाही. मग स्टेशन ठेवणार कोठे? शिवाय चढाची सुरुवात आणि शेवट एकदम करता येत नाहीत, तेथे हळूहळू कल बदलावा लागतो, त्यामुळे मधला चढ आणखी तीव्र होतो. त्यात वळणावरचे घर्षण मिळते. नेरळ–माथेरान मार्गाचा चढ २० ला १ आहे हे खरे. पण तेथे वर जाऊन पोचायला माथेरान आहे. आठच्या आकड्यात चढलेले सगळे लगेच उतरून टाकायचे असते. विटा उचलताना एका मुलीने विचारले, "सर, मग चढायचंच कशाला?" त्या प्रश्नाने आमच्या आराखड्याचे परीक्षण आमच्यापेक्षा नेमके झाले.

लहान जागेत गाडी बसवण्याचा प्रश्न खेळण्यांच्या कितीतरी आधी खऱ्या अभियंत्यांनी सोडवला आहे, आणि त्यांच्याकडे न पाहता पुस्तिकेकडे पाहणे हा या आराखड्यांचा मूळ दोष. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात सर आर्थर हेवुड या जमीनदाराने १८७४ मध्ये आपल्या डफील्ड बँक या घराच्या उतरत्या आवारात १५ इंच गेजची रेल्वे घातली. बागेतली रेल्वे म्हणून आज छांदिष्ट लोक तिचे नाव आदराने घेतात, पण हेवुडला खेळ नको होता. माणसे आणि माल वाहील अशी सर्वांत लहान रेल्वे कोणती, हा त्याचा प्रश्न. नऊ इंचांचे गेज त्याने आधी करून पाहिले होते. ते डगमगते म्हणून सोडून दिले. डफील्डची सर्वांत तीव्र वळणे सुमारे २५ फूट त्रिज्येची, म्हणजे आपले गुणोत्तर २०. दार्जिलिंगहूनही कमी! हे साधले ते इंजिनामुळे. आठ चाकी इंजिन अशा वळणावर ताठ राहिले तर अडकून बसेल, म्हणून त्याने टोकांचे आस वळणाच्या त्रिज्येच्या दिशेने फिरतील अशी रचना केली. त्याचे १८९४ चे 'म्युरिएल' हे इंजिन असे होते. माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांतही, जी ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्यात झाली, पुढचा आणि मागचा आस असा थोडा फिरत असे. फक्त यंत्रणा वेगळी.

किमान गेजच्या रेल्वेवर हेवुडने पुस्तिका लिहिली, ती १८८१ मध्ये निघाली आणि पुढे १८९४ व १८९८ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या झाल्या. शेती आणि सैन्य या दोन्ही ठिकाणी अशा रेल्वे पसरतील ही त्याची अपेक्षा फोल ठरली. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ईटन हॉलसाठी १८९६ मध्ये घातलेली रेल्वे हेच तिचे ठळक फळ. व्यवहार म्हणून हेवुड चुकला असे म्हणता येईल. पण वळण आणि वाहन यांचा विचार एकत्रच करायचा, एक कागदावर ठरवून दुसरे बाजारातून आणायचे नाही, ही त्याची शिस्त आपल्या पाच बाय तीन मीटरांनाही लागू पडते.

दार्जिलिंगकडून दुसरी गोष्ट घ्यावी. १८७९ ते १८८१ या काळात बांधलेल्या त्या मार्गावर वळायला जागाच नाही अशा ठिकाणी वळणे नाकारली आहेत. गाडी पुढे जाते, थांबते, सांधा बदलतो, ती उलटी मागे चढते, पुन्हा थांबते, पुन्हा पुढे. इंग्रजी झेड अक्षरासारखा हा मार्ग सरळ रेषांतच उंची मिळवतो. वळणाला रुंदी लागते. उलट फिरण्याला लांबी आणि वेळ लागतो. शाळेच्या पट्टीत रुंदी कमी, लांबी बरी, आणि वेळेला तर तोटा नाही.

या दोन्हींवरून बाईंना आम्ही जे सुचवले ते असे. बंद फेरी सोडून द्यावी. पट्टीच्या एका लांब बाजूला मालधक्का, दुसऱ्या लांब बाजूला लहानसे स्टेशन, आणि दोन्हींना जोडणारे एकच अर्धवर्तुळ १३० सें.मी. त्रिज्येचे. तीन मीटर रुंदीत ते दोन्हीकडे वीस-वीस सें.मी. सोडून बसते. मार्गाची लांबी अकरा मीटरच्या आसपास भरते, म्हणजे बाहेरच्या लंबगोलाएवढीच. पण आता तिला दोन टोके आहेत. गुणोत्तर येते २९. दार्जिलिंगच्या जवळ! आता ४५ मि.मी. हे दोन फुटी गेज आहे असे मानले, म्हणजे प्रमाण सुमारे १:१३.५ धरले, तर त्या प्रमाणात दार्जिलिंगचे १८ मीटरचे वळण १.३ मीटरचेच होते. संचातले मीटरगेजचे लांब डबे मात्र मग जुळत नाहीत. ते बाजूला ठेवून, त्यांच्या चाकांवर मुलांनी स्वतः पातळ प्लायवूडचे आखूड, रुंद, डोंगरी डबे करावेत. या मापात माणूस बारा सें.मी. उंच होतो, मातीची माणसे करायला ही उंची सोयीची आहे. संचातले बारा वक्र तुकडे मात्र खोक्यात राहतील. याची बाईंना हळहळ वाटली, आम्हालाही वाटते, पण सांधे आणि सरळ रूळ विकत घ्यावे लागतील हे लपवण्यात अर्थ नाही.

मालधक्क्यासाठी ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाची 'इंगलनुक' रचना घ्यावी. तीन समांतर मार्ग, दोन सांधे. एका मार्गावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. पुढच्या सरळ तुकड्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण आठ निरनिराळ्या वाघिणी. त्यांतल्या चिठ्ठ्या टाकून निघालेल्या पाच, निघाल्या त्याच क्रमाने, लांब मार्गावर उभ्या करायच्या. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे प्रकार ६,७२०. रोज दहा डाव खेळले तरी वर्षभरात निम्म्याहून थोडेच जास्त होतात. पुढच्या तुकड्यासाठी वेगळी जागा न काढता अर्धवर्तुळाचा सुरुवातीचा भागच त्या कामाला वापरता येतो. तेवढी सव्वा मीटर लांबी वाचते. जेथे संच नाही आणि येण्याची शक्यता नाही अशा शाळांनी हा डाव खडूने आखलेल्या रेघांवर काड्यापेट्यांनी खेळावा. क्रमचय शिकवायला हा डाव पत्त्यांपेक्षा सरस आहे, कारण येथे मुले नुसते प्रकार मोजत नाहीत, कमीत कमी चालींत तेथे पोचायचे कसे यावर भांडतात.

राहिली गोष्ट उघड्यावर असण्याची. पुस्तिका थंड देशातली आहे आणि उन्हाबद्दल ती गप्प आहे. पितळेचा प्रसरणांक दर अंशाला लाखात १.९. पहाटे १५ अंश असलेला रूळ दुपारी ५५ वर गेला तर मीटरला पाऊण मि.मी. वाढतो, बारा मीटरच्या मार्गाला नऊ मि.मी. बंद लंबगोल खडीवर मोकळा ठेवला तर तो सगळीकडून दीड-एक मि.मी. फुगतो आणि संध्याकाळी पूर्ववत होतो, कोणाला कळतही नाही. येथे लंबगोलाची बाजू वरचढ आहे, मान्य. आमचा दोन टोकांचा मार्ग भिंतीला टेकवला आणि स्क्रूने घट्ट केला तर दुपारी मध्येच बाक येईल. म्हणून दोन्ही टोके भिंतीपासून बोटभर दूर, सांध्यांत कार्डाच्या जाडीची फट, आणि रूळ कोठेही घट्ट ठोकायचे नाहीत, खडीत बसवायचे. खडी बारीक, टोकदार आणि चाळलेली असावी. गोल वाळू पहिल्या वळिवात वाहून जाते.

मालधक्क्याची बाजू फेब्रुवारीत तयार झाली. आठ वाघिणींवर मुलांनी आठ पिकांची नावे लिहिली आहेत, आणि प्रत्येक डावाच्या चालींची वही ठेवली आहे. कमीत कमी किती चालींत कोठलाही डाव सुटेल, हा प्रश्न एका मुलाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे; तो आमच्याकडे आला आहे आणि अजून आमच्या टेबलावर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात रूळ उचलून वर्गात ठेवले. अर्धवर्तुळाचा पाया दिवाळीच्या सुटीनंतर घालायचा आहे. त्याच्या आखणीसाठी एक खुंटी आणि १३० सें.मी. दोरी बाईंनी कपाटात काढून ठेवली आहे.